लेकीच्या घरी राहायला

त्या वर्षी आमच्या मराठी बायकांच्या ग्रुपने महिला दिनाला नुसतं खाणंपिणं न करता काहीतरी वैचारिक करायचं ठरवलं. इथल्या पापाटोएटो उपनगरातला एक हॉल मिळाला. मोठ्या थर्मासमधून चहा आला, बटाटेवडे आले, कुणाच्या तरी घरचा माइक आला, आणि वादविवादाला विषय ठेवला, स्त्रीवादाची आज गरज आहे का. कोण कुठल्या बाजूने बोलणार हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. माझ्या चिठ्ठीत ‘गरज नाही’ आलं आणि मला हुश्श झालं. तेव्हा मला कुणी स्त्रीवादी म्हटलं असतं तर मी चिडलेच असते. स्त्रीवादी म्हणजे सदा कपाळाला आठ्या, नवऱ्याच्या हातात मुद्दाम झाडू देणारी, हळदीकुंकवाला नाक मुरडणारी बाई, असं काहीसं चित्र आम्हा सगळ्यांच्याच डोक्यात होतं. कार्यक्रम ठरवणाऱ्या बाईसुद्धा फोनवर प्रत्येकीला बजावत होत्या, “आपण काही फेमिनिस्ट वगैरे नाही हं, आपलं जस्ट फन.”

भाषण मला झकास जमलं. मी म्हटलं, मंडळी, आपण राहतो कुठे? बायकांना सगळ्या जगाच्या आधी मत देणारा हा देश. इथे पंतप्रधान बाई, त्यांच्या आधीच्या पंतप्रधानही बाईच, गव्हर्नर जनरल बाई, सरन्यायाधीश बाई. आता इथल्या पुरुषांनीच एखादी चळवळ काढायला हवी. हॉल हसला. मागे पोरं सांभाळत उभे असलेले नवरे तर जरा जास्तच हसले. मग मी नवऱ्याला त्यात ओढलं. आमच्याकडे व्हॅक्यूम तो करतो, भांडी तो घासतो, लेकीचा शाळेचा डबा तो भरतो, आणि हे सगळं त्याला मी कधी सांगितलेलं नाही. शेवटी म्हटलं, आपल्या आयांनी जे भांडायचं ते भांडून घेतलं, आता आपण जरा निवांत जगू या. टाळ्या पडल्या आणि पहिला नंबर मला मिळाला.

आई पहिल्या रांगेत बसली होती. डिसेंबरपासून ती आमच्याकडे टाकानिनीला राहायला आली होती. माझं भाषण तिने मान हलवत ऐकलं आणि घरी जाताना गाडीत म्हणाली, “बोललीस छान. आवाज थोडा कमी लावायचास, माइक होता ना.” आई पुण्यात मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. पोरींना फळ्यासमोर बोलायला उभं करण्यात तिचं आयुष्य गेलं, त्यामुळे तिचं कौतुक असंच दुरुस्तीच्या वाटेने यायचं.

मी तिची एकुलती एक. मुलगा नाही म्हणून तिला आयुष्यभर लोकांनी ऐकवलं. म्हातारपणी कोण बघणार, असं हळदीकुंकवात विचारलं, लग्नात विचारलं, बाबा गेले तेव्हा भेटायला आलेल्यांनीही विचारलं. ती प्रत्येक वेळी एकच उत्तर द्यायची, “मुलगी आहे ना.” ते इतकं सरळ म्हणायची की पुढे कुणाला बोलायला जागाच राहायची नाही. मी लहानपणापासून ते वाक्य ऐकत आले आणि मलाही वाटायचं, आहे ना मी.

आदल्या वर्षी ती पुण्याच्या घरात न्हाणीघरात पडली. आतून कडी होती. शेजारच्या काकूंना पाण्याचा आवाज थांबेना म्हणून शंका आली आणि त्यांनी माणसं बोलावून दार तोडलं. आईने काकूंना शपथ घालून ठेवली की मला कळवायचं नाही. मला कळलं तेव्हा तिच्या कपाळावरचे टाके निघायच्या बेतात होते. मी ऑफिसात होते. बाहेर जाऊन पार्किंगमध्ये गाडीत बसले आणि ढसाढसा रडले. त्या दिवशी मी ठरवलं, आईला इकडे आणायचं, आणि पाहुणी म्हणून नाही, कायमचं. मी एकुलती असल्यामुळे त्यात इथल्या कायद्याची काही अडचण नव्हती. अडचण आईची होती.

ती आली, पण राहायला आलीच नाही. म्हणजे आमच्या घरात ती वावरायची, पोरीची वेणी घालायची, मागच्या अंगणात मेथी लावायची, समोरच्या सामोअन आजीला हातवारे करून किया ओरा, म्हणजे इथला नमस्कार, म्हणायची. पण फ्रीज उघडायच्या आधी विचारायची. “दूध घेऊ का गं थोडं?” धुतलेले कपडे कपाटात न ठेवता घड्या करून परत बॅगेत ठेवायची. कपाट मी तिच्यासाठी रिकामं केलं होतं, त्यात आतापर्यंत फक्त एक छत्री होती. नवरा ऑफिसातून आला की ती सोफ्यावरून उठायची. तो बिचारा दर वेळी म्हणायचा, “आई, बसा हो,” आणि ती दर वेळी म्हणायची, “नाही नाही, पाय मोकळे करते.” वर्गात पन्नास पोरींना एका नजरेत गप्प करणारी माझी आई माझ्या नवऱ्यासमोर अशी पाय मोकळे करत उभी राहिलेली बघितली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. ती न्हाणीघराची कडीही लावत नसे. दार नुसतं लोटून घ्यायची. ते मी बघितलं होतं, पण त्यावर आम्ही दोघीही बोलत नव्हतो.

“आई, घर आमचं दोघांचं आहे,” मी म्हणायचे. “हप्ता दोघं भरतो. हा त्याचा उपकार नाहीये.”

“कोण उपकार म्हणतंय?” ती म्हणायची. “ते किती चांगले आहेत. पण शेवटी लेकीचं घर गं. चार दिवस आलं, आनंदाने राहिलं, निघालं.”

लेकीचं घर हे तिच्या तोंडी असं यायचं की जणू तिथे कुणी खुर्च्या मोजून ठेवल्यात. हे तिला कुणी शिकवलं होतं असंही नाही. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी जेवायचं नाही, असं मानणारी माणसं तिने लहानपणी घरातच बघितली होती आणि ती स्वतः त्याला हसायची. तरी आमच्याकडे येऊन चौथा महिना लागला आणि तिची बॅग अजून पलंगाशेजारी उभीच होती.

मग नवऱ्याचं कौतुक सुरू झालं. ग्रुपमध्ये कुणाकडे जेवायला गेलो की कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारायचं. “मानलं पाहिजे तुला. सासूला ठेवून घेतोयस. मोठं मन लागतं.” बायकाही म्हणायच्या, मला म्हणायच्या, “लकी आहेस हं.” तो आधी संकोचायचा, मग हसायचा, आणि पुढे पुढे तर वाडग्यात श्रीखंड वाढून घ्यावं तसं ते कौतुक शांतपणे घ्यायला लागला. एका शनिवारी मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना मी त्याला धरलं.

“तुझे आईबाबा दर दोन वर्षांनी येतात. महिनेच्या महिने राहतात. मला कुणी कधी म्हटलं का, मोठं मन लागतं म्हणून?”

“अगं, ते वेगळं,” तो चिमटा लावत म्हणाला. “तुला तर ते करावंच लागतं ना.”

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं. तो हातात ओला टॉवेल घेऊन उभा राहिला. माझा नवरा वाईट माणूस नाही, हे मी आजही कुणालाही सांगेन. तो वाईट असता तर मला सोपं गेलं असतं, मी भांडले असते आणि जिंकले असते. आमच्या घरात कुणीच वाईट नव्हतं आणि तरी माझी आई बॅगेतून कपडे काढून घालत होती. मी त्याच्या हातातला टॉवेल घेतला आणि वाळत टाकला.

त्याच सुमारास सोलापूरहून सासूबाईंचा फोन आला. तिकडे उन्हाळा तापायला लागला होता. दर खेपेसारखे ते दोघं एप्रिलात येणार होते. त्या फोनवर अगदी मोकळेपणाने म्हणाल्या, “विहीणबाई अजून आहेत ना? छान. थोड्या गप्पा होतील.” मग थोडं थांबून, “त्यांचं तिकीट कधीचं आहे?” त्यात खोच अजिबात नव्हती. घरात झोपायच्या तीन खोल्या, एक आमची, एक पोरीची आणि एक पाहुण्यांची. पाहुण्यांची खोली मुलाच्या आईवडिलांची असते हे त्यांना माहीत होतं, जसं सूर्य कुठे उगवतो ते माहीत असतं. ‘तिकिटाचं अजून ठरलं नाही’ म्हणत मी फोन ठेवला आणि वळून बघितलं तर आई दारातच उभी होती.

“मी करते ना तिकिटाचं,” ती म्हणाली. “काळजी करू नकोस. त्या यायच्या आत मी निघते. त्यांची खोली त्यांना मोकळी मिळायला हवी.”

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना ती चक्क एकटी ट्रेनने पापाटोएटोला गेली, तिथल्या आपल्या ट्रॅव्हल एजंटला गाठलं आणि तारीख ठरवून आली. सासूबाई पोचायच्या आठवडाभर आधीची. एकटी ट्रेनने गेली याचं मला कौतुक वाटलं आणि कशासाठी गेली याने रडू आलं. मी आदळआपट केली. तिने शांतपणे मेथी निवडली.

नवऱ्याने त्या रात्री जेवताना आपल्या परीने खूप केलं. भांडी बाजूला सारून तिच्यासमोर बसला आणि म्हणाला, “आई, तुम्ही जाऊ नका. माझी काहीच हरकत नाही. आईबाबा आले तरी आपण करू काहीतरी.”

आईचे डोळे भरले. “तुम्ही म्हणालात, यातच सगळं आलं,” ती म्हणाली. आणि उठून खोलीत जाऊन तिने बॅगेची एक चेन लावली. त्याची हरकत नाही हे ऐकून ती आणखीच अवघडली. हरकत घ्यायचा हक्क त्याचा आणि ती न घेण्याचा मोठेपणाही त्याचाच, आणि या सगळ्यात मी कुठे होते हे मला कळेना. मी तर पहिला नंबर मिळवून बसले होते.

मार्चचा शेवट होता. आईच्या जाण्याआधीचा शनिवार. तिला जाताना शेजारच्या काकूंसाठी काहीबाही घ्यायचं होतं, आम्हाला भाकरीचं पीठ आणि भाज्या आणायच्या होत्या, म्हणून आम्ही तिघी पापाटोएटोला गेलो. परत येताना आई माझ्या शेजारी पुढे बसली होती. नवरा गाडी चालवत असला तर ती मागे बसायची, मी चालवत असले तर पुढे. लेक मागे बूस्टर सीटवर, पायातल्या रबरी जांडल्स काढून, अंगणात केव्हा एकदा स्प्रिंकलर लावायचा याचा विचार करत. सात वर्षांची. मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीतून.

“मम, आजी का जातेय?” एवढं मात्र तिने मराठीत विचारलं.

“तिचं घर आहे ना तिकडे.”

ती थोडा वेळ खिडकीतून बघत राहिली. मग म्हणाली, “व्हेन यू आर ओल्ड, यू कॅन कम लिव्ह ॲट माय हाउस.”

मी आरशात तिच्याकडे बघून हसले. आणि किती सहज म्हणाले, “बघू हं. तुझ्या नवऱ्याला विचारावं लागेल ना आधी.”

लेक म्हणाली, “व्हाय?”

मी पुढच्या सिग्नलकडे बघत राहिले. आईने मांडीवरची भाज्यांची पिशवी खाली पायाशी ठेवली. मग म्हणाली, “गाडी बाजूला घे.”

मला वाटलं तिला मळमळतंय. एका डेअरीसमोर, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानासमोर, जागा दिसली तिथे मी गाडी लावली. लेकीला नाणी देऊन आइसब्लॉक, म्हणजे बर्फाची कांडी, आणायला पाठवलं. दुकान समोरच, काचेतून ती दिसत होती. मी पाण्याची बाटली पुढे केली तर आईने ती हाताने बाजूला केली. तिचा चेहरा मी लहानपणी पाहिलेला, वर्गात कुणी कॉपी केल्यावरचा.

“काय बोललीस तिला?”

“अगं, गंमत केली.”

“गंमत नव्हती ती. शिंक आल्यासारखं आलं तुझ्या तोंडून. सात वर्षांची आहे ती. तिचा नवरा अजून जन्मला असला तर कुठेतरी नाक पुसत असेल, आणि तू आत्तापासून त्याची परवानगी मागतेयस?”

मला हसू यायला हवं होतं, पण माझा बांध फुटला. “मी मागतेय? मी? आणि तू काय करतेयस इथे चार महिने? दूध घेऊ का विचारतेस. सोफ्यावरून उठतेस. माझ्या घरात बॅगेतनं राहतेस! सगळ्या जगाला सांगत होतीस ना, मुलगी आहे ना, मुलगी आहे ना. मग आहे ना मी! तू पडलीस तेव्हा मला कळवलंसुद्धा नाहीस. मला रोज वाटतं, तू परत जाशील, आतून कडी लावशील, आणि काकू त्या दिवशी नेमक्या गावाला गेलेल्या असतील. मला नाही जमत आता असं लांबून. मला भीती वाटते, आई.”

बोलता बोलता मी इतक्या जोरात रडायला लागले की डेअरीतून बाहेर पडणाऱ्या एका बाईने वाकून काचेतून बघितलं आणि अंगठा वर करून विचारलं, ठीक ना? मी मान हलवली.

आईने पाण्याची बाटली आपणहून घेतली आणि एक घोट प्यायली. मग समोर बघतच म्हणाली, “कडी मी लावत नाही आता. कुठेच. इथेही नाही. भीती मलाही वाटते.” मग माझ्याकडे वळली. “मला वाटलं होतं, मी आपली गुपचूप खाली मान घालून राहिले तर ते माझ्यापुरतं राहील. तुला लागणार नाही. तुला मी वेगळं शिकवलं होतं गं. फळ्यासमोर उभं करून शिकवलं होतं. आणि तू जे बोललीस ना आत्ता, तो आवाज माझा होता.”

तिने पदराने आधी माझे डोळे पुसले आणि मग आपले. तेवढ्यात लेक हिरवा आइसब्लॉक चोखत आली, मागे बसली आणि आमच्याकडे आळीपाळीने बघायला लागली. “आर यू गाइज फायटिंग?”

“हो,” आई म्हणाली. “झालं आता. तुझी आई काय सांगतेय ऐक.”

मी वळून लेकीला सांगितलं की मी येईन तुझ्याकडे राहायला, म्हातारी झाले की. तुला विचारून येईन, बाकी कुणाला नाही. तिने थोडा विचार केला. “ओके,” ती म्हणाली. “बट आय विल हॅव हीप्स ऑफ डॉग्ज.” मग गाडी सुरू करून आम्ही घरी आलो.

घरी आल्यावर आईने मोठं काही जाहीर केलं नाही. पिठाची पिशवी डब्यात रिकामी केली, हात धुतले, आणि सोफ्यावर जाऊन बसली. नवरा आतून आला तेव्हा ती उठली नाही. म्हणजे उठायला लागली होती, मी बघितलं, गुडघ्यावर हात गेला होता. मग तो हात तिने परत मांडीवर ठेवला.

“मी तिकीट पुढे ढकलणार आहे,” ती त्याला म्हणाली. “विहीणबाई असताना मी असेन. त्या गेल्यावरही असेन. हे मी तुम्हाला सांगतेय, विचारत नाहीये. रागावू नका.”

तो माझ्याकडे बघायला लागला. मी मुद्दाम कांदे टोपलीत भरत बसले.

“नाही रागावत,” तो म्हणाला. मग जरा वेळाने, “मी परवा जे बोललो ना आई, माझी हरकत नाही वगैरे... ते मला तसं म्हणायचं नव्हतं. म्हणजे तसंच म्हणायचं होतं बहुतेक. पण बरोबर नव्हतं ते.” माझ्या नवऱ्याला कोड लिहिता येतो, वाक्यं नाही. पण ते त्याचं वाक्य मला फार आवडलं. पुढच्या आठवड्यात त्याने लेकीचा पलंग आईच्या खोलीत हलवला आणि लेकीची खोली त्याच्या आईवडिलांसाठी लावली. लेकीला आजीच्या खोलीत झोपायला मिळणार म्हणून ती हवेत होती. सोलापूरला फोनही त्यानेच केला. “आई, तुमच्या विहीणबाई इथेच राहणार आहेत. तुम्हाला छोटी खोली लावली आहे,” असं त्याने एका दमात सांगितलं. पलीकडून एक लांबलचक “बरं” आलं. सोलापुरी “बरं” मध्ये काय काय असतं ते मला लग्नानंतर शिकायला बरीच वर्षं लागली होती, आणि हे “बरं” मला काही उलगडलं नाही.

ते आले त्या सकाळी टाकानिनीत धुकं होतं. नवरा विमानतळावर गेला. मी घरी तोच ओटा परत परत पुसत होते. आईने पहाटेच उठून भाकरी थापल्या, पिठलं केलं, ठेचा केला, आणि चांगली इरकली नेसली. मी तिला विचारलं, “कसं होईल गं?” तर म्हणाली, “मला काय माहीत? मी कधी लेकीच्या घरी राहिलेय का आधी?”

गाडी आली. सासरे उतरून मोजे वर ओढत आजूबाजूच्या एकसारख्या घरांकडे बघत उभे राहिले. सासूबाई खांद्याला पिशवी लावून सरळ पायरी चढल्या. मुलाचं घर होतं, त्या कशाला थांबतील? चपला काढायला त्यांनी एक पाय उचललासुद्धा.

“थांबा, विहीणबाई,” आई म्हणाली. “तिथेच थांबा.”

आई दारात आली होती. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्यात पाण्याचं भांडं. सासूबाईंचा पाय तसाच राहिला. मागे नवरा बॅगा धरून जागच्या जागी थिजला. लग्नानंतर सोलापूरच्या दारात माझ्यावरून भाकरतुकडा सासूबाईंनी ओवाळला होता, आणि आमच्या दोन्ही घरांत तो कुणी ओवाळायचा याला एकच नियम होता. जिचं घर, ती ओवाळणार. आईला तो नियम माझ्यापेक्षा चांगला माहीत होता. भांड्यातलं पाणी हिंदकळून पायपुसण्यावर सांडलं, पण ती दारातून हलली नाही.

सासूबाईंनी आईकडे बघितलं. आईच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. मग पाय खाली ठेवला, पदर डोक्यावर घेतला आणि मान खाली वाकवली. आईने त्यांच्यावरून तुकडा ओवाळला, मग सासऱ्यांवरून, डोळ्यांना पाणी लावलं, आणि तुकडा लॉनवर लांब फेकला. दोन साळुंक्या लगेच उतरल्या.

“लांबून आलात,” आई म्हणाली. “या. आत या.”

सासूबाई आत आल्या नाहीत. त्या तिथेच पायरीवर उभ्या राहिल्या. ओल्या पापण्यांनी त्या आईकडे बघत होत्या आणि मला आधी वाटलं, ते भाकरतुकड्याचं पाणी असेल.

“माझ्या आईला माझ्या दारात असं कधी उभं राहता आलं नाही हो,” त्या म्हणाल्या. “यायची आणि संध्याकाळच्या एस्टीने परत जायची. मी राहा म्हणायचे. पण घरात विचारायची माझी हिंमत व्हायची नाही.”

“माझ्याही आईला नाही,” आई म्हणाली, आणि तिने त्यांच्या खांद्यावरची पिशवी आपल्या हातात घेतली.